पुट्टी नव्हे, पट्टी!

प्रश्न: १९०० च्या आसपासच्या ब्रिटिश पायदळाच्या गणवेशाबद्दल वाचताना 'पायांना पुट्टी गुंडाळलेली' असं येतं. ही पुट्टी म्हणजे काय? लाल डगल्याच्या समारंभी पोशाखातही ती असे का?

उत्तर: पुट्टी भिंतीला लावतात. पायाला गुंडाळतात ती पट्टी! भाषांतरांत ही 'पुट्टी' दिसली की जीव तळमळतो. आपल्याकडचा शब्द इंग्रजीत गेला आणि परत आला तर आपल्यालाच ओळखता येऊ नये? इंग्रज आपला 'अ' 'यू' घालून लिहीत, म्हणून पट्टीचं स्पेलिंग puttee झालं. पंजाबच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही तोच 'यू' आहे, म्हणून कोणी पुंजाब म्हणतं का? इंग्रज शिपाईसुद्धा 'पटी' असाच उच्चार करायचा.

हिमालयाकडचे लोक थंडीवाऱ्यात पोटऱ्यांना कापडाची लांब पट्टी गुंडाळत, ती गोऱ्या फौजेने उचलली. कोणी या शब्दाचा संबंध 'पद'शी लावतात, तो साफ चूक. मूळ संस्कृत 'पट्ट', कापडाची पट्टी. जखमेची पट्टी, कमरेचा पट्टा, पट्टेवाला, सगळे तिथलेच.

आणि पट्टराणीसुद्धा! पट्टराणी म्हणजे पाटावर, सिंहासनावर बसणारी, असं भले भले सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. पट्ट म्हणजे कपाळावर बांधायचा मानाचा पट्टा. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'पट्टलक्षण' असा अख्खा अध्याय आहे. राजाचा पट्ट मधोमध आठ अंगुळं रुंद, राणीचा सात, युवराजाचा सहा, सेनापतीचा चार. पाटाची मापं अशी असतील का? राणीच्या कपाळावरचा शब्द लंडनच्या शिपायाच्या पोटरीवर जाऊन बसला, याचा मला केवढा आनंद होतो!

हां, लाल डगल्याचं राहिलंच. नाही, त्यावर पट्टी नसे. बहुतेक इंग्लिश पलटणींचा मायदेशातला समारंभी थाट म्हणजे लाल डगला, शिवणीवर लाल गोट असलेली गडद निळी विजार आणि १८७८ पासून निळ्या कापडाचं टोकदार शिरस्त्राण. पट्टी खाकीची सोबतीण, १९०२ च्या नव्या खाकी गणवेशात ती पायदळाला मिळाली. जुना फोटो हाती असेल तर तिची नाडी कुठे बांधली आहे ते बघा. पायदळवाला घोट्यापासून वर गुंडाळत जाई आणि गुडघ्याखाली बांधे. घोडेस्वार वरून खाली येई, त्याची नाडी घोट्याशी.