वहिनींचं कार्ड खोटं नाही, तपासणी अर्धी होती

ताई, तुमचा प्रश्न असा: वहिनींच्या गर्भाशयाच्या गाठीच्या ऑपरेशनआधी रक्तपेढीने 'ओ'च्या चार पिशव्या लावून पाहिल्या, एकही जुळली नाही, आणि आता 'बॉम्बे ग्रुप' म्हणताहेत. मग आयुष्यभर जपलेलं 'ओ पॉझिटिव्ह'चं कार्ड चुकीचं का? माझी 28 वर्षं रक्तपेढीत क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते पाहण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिबिरात बोटाचं रक्त घेऊन त्यात अँटी-ए आणि अँटी-बी, म्हणजे पेशींवरचे ए आणि बी हे घटक ओळखणारी द्रावणं टाकतात. गुठळ्या दिसल्या नाहीत की 'ओ' लिहून मोकळे. पण ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' हा घटक कुणी बघत नाही. साध्या 'ओ' माणसाच्या पेशींवर हा एच भरपूर असतो. वहिनींकडे तो नाहीच, उलट त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं आहेत. त्यामुळे एरवी सगळ्यांच्या मदतीला धावणारं 'ओ' रक्त त्यांच्या जिवावर उठेल. ए, बी तर नाहीच नाही. अँटी-एच टाकून तपासलं आणि वहिनींचं सिरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) 'ओ' पेशींशी लावून पाहिलं की उलगडा होतो.

1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट मुंबईत पहिल्यांदा नोंदवला, त्यावरून हे नाव. भारतात साधारण 10,000 माणसांत एक. आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओ निगेटिव्ह हवंय' असं टाकू नका. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही वेगळी गोष्ट आहे, त्याने फोन ढीगभर येतील आणि उपयोग शून्य.

आता कामाचं. वहिनींच्या सख्ख्या भावंडांना आजच रक्तपेढीत न्या. प्रत्येकाचा हाच गट असण्याची शक्यता 25 टक्के असते. बाहेर शोधण्यापेक्षा ही वाट जवळची. आईवडील नात्यातले आहेत का, हेही मी आधी विचारायचो, कारण मामेबहीण-आतेभाऊ लग्नांत हा गट जास्त सापडतो.

तुम्ही हिमोग्लोबिन 8.4 लिहिलंय. त्यावर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येत नाही, त्यासाठी 11 तरी लागतं. ऑपरेशन तातडीचं नाही, मग तारीख पुढे ढकलून शिरेतून लोह देता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हिमोग्लोबिन वर आलं तर कदाचित पिशवी लागणारही नाही, आणि लागलीच तर त्यांचीच ठेवलेली असेल. पिशवी 35 ते 42 दिवस टिकते, तारीख त्या हिशेबाने घ्या.

एक घरगुती गोष्ट. वहिनींचा मुलगा 'बी' निघाला म्हणून सासूबाईंनी काही बोलल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वहिनींकडे बी चा जनुक असू शकतो, एच नसल्याने तो पेशींवर दिसत नाही इतकंच. मुलाला वडिलांकडून एच मिळाला आणि बी उघड झाला. हे सासूबाईंना रक्तपेढीतल्या डॉक्टरांकडूनच ऐकवा, तुमचं त्या ऐकणार नाहीत.