‘माहीत नाही’ म्हणायची सोय नसलेली मुलगी

पत्र वाचलं. मुलीला नोकरी लागून आठ महिने झाले. नवं काम आलं की ‘दोन दिवसांत देते’ म्हणते, सहा दिवस लावते आणि बोलणी खाते. तिला पीएमपी (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांसाठीचं व्यावसायिक प्रमाणपत्र) करायला लावू की क्षेत्रच बदलायला सांगू, असं तुम्ही विचारता. मला खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य: ‘आमच्या घरात माहीत नाही म्हणायची पद्धत नाही.’ वर रोज रात्री फोन करून ‘झालं का काम?’ अहो, ऑफिसात एक साहेब आहे, घरी दुसरा कशाला? तिला अंदाज येत नाही म्हणता. मला वाटतं, ती अंदाज करतच नाही. समोरच्याचा चेहरा बघून आकडा सांगते.

पीएमपीचं एका ओळीत: पदवीधरालाही त्यासाठी प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो.

हुशार माणसाला तारीख बरोबर सांगता येते, हा समज मात्र डोक्यातून काढा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. लागले सुमारे ५५. सगळंच बिनसलं तर किती लागतील, याचं उत्तरसुद्धा ४९च्या आसपास होतं. (हे उत्तर मीही तुम्हाला मागच्याच आठवड्यात पाठवणार होतो.)

कधी न केलेल्या कामाची तारीख कुणी उभ्या उभ्या मागितली, तर तिने म्हणावं, ‘आजचा दिवस द्या, काम उघडून बघते, उद्या तारीख सांगते.’ सॉफ्टवेअरवाले अशा शोधाशोधीला ‘स्पाइक’ म्हणतात, आणि त्यासाठी रीतसर वेळ राखून ठेवतात. मग तीन आकडे मांडावेत. सगळं सरळ गेलं तर २ दिवस, बहुधा ४, फसलं तर १२. मधला आकडा चारपट धरून तिन्हींची बेरीज, भागिले ६: आले ५. अमेरिकी नौदलाने १९५८च्या सुमारास पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्रांच्या कामासाठी बसवलेली ही रीत.

साहेबाला ५ सांगताना तो १२ लपवायचा नाही. कशामुळे लागतील तेही सांगायचं: ‘समोरून माहिती उशिरा आली तर.’ तिची जीभ अडणार ती नेमकी इथेच, आणि ते कुठून आलंय हे आता तुम्हाला कळलं असेल. आज रात्री फोन कराल तेव्हा ‘कुठे अडलंय?’ एवढंच विचारा. ती ‘माहीत नाही’ म्हणाली, तर पुढचं वाक्य तिचं तिला बोलू द्या.