बायकोला दुर्मीळ कॅन्सर झालाय, यकृतातही पसरलाय. घरच्यांनी नेमकं काय करावं, आणि ऑनलाइन ग्रुपचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला जिस्ट निघाला, डॉक्टरांचं निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं आणि तेव्हापासून तुम्ही रात्र रात्र नेटवर वाचत बसता. मलाही हाच आजार आहे. पोटात सुरू झाला, कळला तेव्हा यकृतात पोचलेला होता. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी त्या वाचनाबद्दल. जिस्ट म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून वाढणारी गाठ. वर्षाला दहा लाख माणसांत साधारण दहा-पंधरा जणांना होते, त्यामुळे नातेवाइकांत, शेजारीपाजारी हे नाव ऐकलेलं कुणी भेटत नाही. नेटवर मात्र नवं-जुनं सगळं एकत्र पडलेलं असतं. नेहमीची केमो या गाठीवर जवळजवळ चालत नाही, हे तुम्ही वाचलंच असेल आणि ते खरं आहे. पण १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या गाठींमध्ये बहुतेक वेळा किट नावाच्या जनुकात बिघाड असतो. २००० साली फिनलंडमधल्या एका बाईला त्यावर इमॅटिनिबची गोळी दिली गेली, गाठी आकसल्या, आणि २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी या गोळीला मान्यता मिळाली. म्हणून कुठलाही आकडा वाचताना आधी तो कधीचा आहे ते बघा. गोळी आल्यानंतरच्या एका मोठ्या चाचणीत, पसरलेला जिस्ट असलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक दहा वर्षांनंतरही हयात होते. आकडा फार मोठा नाही, मान्य. पण तुम्ही रात्री वाचताय त्यापेक्षा नक्कीच वेगळा आहे.

आता ग्रुप. माझा अनुभव असा की आजार समजून घ्यायला ग्रुप आणि दिवस काढायला घर. ही वाटणी जमली की दोन्हीकडची ओढाताण कमी होते. घरच्यांना आपल्या आजारातलं काही कळत नाही म्हणून चिडायचं कारण उरत नाही, आणि ग्रुपवर कुणी दोन दिवस उत्तर दिलं नाही म्हणून वाईटही वाटत नाही.

एक उदाहरण देते. गोळी सुरू झाल्यावर पहिलंच सीटी स्कॅन झालं आणि रिपोर्टमध्ये आलं की यकृतातल्या गाठी किंचित वाढल्यात. घरात सुतक आल्यासारखी शांतता. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी. मी तो रिपोर्ट, नाव आणि नंबर झाकून, ग्रुपवर टाकला. वर्षानुवर्षं हीच गोळी घेणाऱ्या एका बाईने उलट एकच प्रश्न विचारला: घनता किती लिहिलीय, आधीच्या स्कॅनमध्ये किती होती? मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. हाउन्सफिल्ड युनिट असं लिहिलेला आकडा बराच खाली आला होता. जिस्टची गाठ औषधाने मरायला लागली की आतून पातळ होते, आणि त्या काळात कधीकधी फुगून मोठीही दिसते. त्यासाठी चोई निकष म्हणून वेगळं मोजमापच आहे: आकार १० टक्क्यांनी किंवा घनता १५ टक्क्यांनी कमी झाली, तर औषध लागू पडतंय असं धरतात. डॉक्टरांना भेटल्यावर मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी दोन्ही स्कॅन पडद्यावर लावून दाखवले आणि गोळी तशीच चालू ठेवली.

ग्रुपकडून घ्यायचं ते हे: डॉक्टरांना विचारायचा नेमका प्रश्न. उत्तर डॉक्टरांकडूनच घ्यायचं. कारण एकाच नावाचा आजार असूनही आम्ही सगळे सारखे नसतो. किटमधला बिघाड एक्सॉन ११ मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा, त्यांना नंबर असतात) असेल तर नेहमीचा ४०० मिलिग्रॅमचा डोस बहुधा चांगला लागू पडतो. एक्सॉन ९ असेल तर ८०० चा विचार करतात. आणि पीडीजीएफआरए नावाच्या दुसऱ्या जनुकात डी८४२व्ही हा बदल असेल तर इमॅटिनिबचा उपयोगच होत नाही, त्यावर २०२० मध्ये अव्हाप्रिटिनिब हे वेगळं औषध आलं. तेव्हा "आम्हाला तर डबल डोस दिला" असं कुणी लिहिलं की आधी त्याचं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड नेमका कुठला, ते विचारा. चांगल्या ग्रुपवर तुम्हालाही पहिला प्रश्न हाच येईल. जिथे तो न विचारता सल्ले सुरू होतात किंवा तिसऱ्या मेसेजला कुणी पावडर विकायला लागतं, तिथून निघा.

घरचं जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही नवरा म्हणून विचारताय. "काही लागलं तर सांग" या वाक्याचा पेशंटला काडीचा उपयोग नसतो. काय लागणार ते तिलाच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी मागायला जीव धजत नाही. कामं वाटून घ्या. आमच्याकडे गोळीची वेळ मुलीकडे आहे: जेवताना, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळ ठरलेली. ह्यांच्याकडे वही. डाव्या पानावर त्रास, उजव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. सकाळी माझ्या पापण्या सुजून डोळे निम्मे मिटलेले असतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. हे दोन्ही या गोळीचे ठरलेले त्रास. पण वहीत तारीखवार असलं की पाच मिनिटांच्या भेटीतही डॉक्टरांना नीट सांगता येतं. माझे दीर फक्त फोन घेतात. "कशी आहे आता?" हे सगळ्या गोताला सांगणं हे त्यांचं काम, आणि माझ्या मते घरातलं सगळ्यात अवघड काम तेच.

त्यांच्याकडे आणखी एक काम आपसूक आलं: काढे, रस आणि रामबाण उपाय वाटेतच अडवणं. इथे भिडस्तपणा नको. ग्रेपफ्रूटने या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीने घटतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेरचं काहीही नाही. आणि "आता बरी दिसते, गोळी थोडे दिवस बंद करून बघू" म्हणणारा एक तरी नातेवाईक निघतोच. फ्रान्समधल्या एका चाचणीत आजार आटोक्यात असलेल्या काही जणांची गोळी मुद्दाम थांबवून पाहिली होती. बहुतेकांचा आजार पुन्हा वाढला.

तुम्ही स्वतःसाठीही जागा शोधा. आमचे हे सांभाळणाऱ्यांच्या वेगळ्या ग्रुपवर आहेत. तिथे काय लिहितात ते मी विचारत नाही. मला एवढंच दिसतं की तिथे लिहून आले की त्यांना माझ्यासमोर उगाच हसरं तोंड ठेवावं लागत नाही. भांडतातसुद्धा पूर्वीसारखे.

ग्रुपची एक बाजू कुणी आधी सांगत नाही, ती सांगते. तिथली माणसं जातात. रोज लिहिणारं कुणीतरी गप्प होतं, आणि मग त्याच्या मुलीचा किंवा बायकोचा मेसेज येतो. ज्या बाईने मला घनतेचा प्रश्न विचारला, तीही आता नाही. त्यानंतर मी बरेच दिवस ग्रुप उघडलाच नाही. आता स्कॅनच्या आठवड्यात नोटिफिकेशन बंद ठेवते. तुमच्या बायकोला ग्रुपवर यायचंच नसेल तर ओढू नका, तुम्ही वाचा आणि तिने विचारलं तेवढंच सांगा. किती सांगू, हे मात्र तिलाच विचारा. तिच्या पाठीमागे दारात डॉक्टरांशी कुजबुज नको. आम्हाला ती ऐकू येते.

पॅलिएटिव्ह केअरचं नाव निघालं तर "म्हणजे संपलं" असं समजू नका. दुखणं, थकवा, झोप यासाठीची टीम उपचारांच्या बरोबरीने सुरुवातीपासून असू शकते. मी ती स्वतःहून मागितली, पोटऱ्यांत गोळे यायला लागले तेव्हाच.

म्युटेशनची तपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत तेवढं एक नक्की विचारा. रिपोर्ट आला की खाली कमेंटमध्ये लिहा. नाव, हॉस्पिटल काही नको, एक्सॉनचा नंबर पुरे. त्यावरून पुढे काय विचारायचं ते सांगते.