मिशीवर बोलू नकोस

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

रात्री साडेबाराचा तुझा निरोप सकाळी वाचला. ‘बाई, भाचा बोलतच नाही. बोलला तर ‘हं’ म्हणतो.’ रागावू नकोस, मला हसू आलं. नववीत तूही मला खांदे उडवूनच उत्तरं द्यायचास.

तुझी पंचाईत कळते. मामा म्हणजे सुट्टी, आंबे, रात्री उशिरापर्यंत पत्ते. ताईनं भाचा अकरावीसाठी चिपळूणहून पुण्याला पाठवला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी एकदम तुझा हेडमास्तर झाला. त्याचाही लाडका मामा हरवलाच की.

माझी एक चूक सांगते. लेक दहावीत असताना घरी पाहुणे होते. तो बाहेर आला आणि मी म्हटलं, “मिशी आलीय, मागून मुलगाही येईलच.” हशा पिकला. तो ताट उचलून आत गेला आणि पुढे जवळजवळ महिनाभर आतच जेवला. एके दिवशी वडिलांचा वस्तरा ओठावर फिरवून घेतला, कापून घेतलं. माझ्या विनोदाला टाके पडायचेच काय ते राहिले होते.

डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1967 साली या वयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’बद्दल लिहिलं. आपल्याकडे सगळे बघताहेत, असं या मुलांना सतत वाटत असतं. म्हणजे पोरगं चोवीस तास रंगमंचावर उभं. त्यात आपण खरे चार प्रेक्षक जमवून पहिल्या रांगेतून हुर्यो करायची! तेव्हा मिशी, मुरुमं, फुटलेला आवाज, फोनवर बोलणारी ती कुणीतरी, या विषयांवर तोंड बंद. चारचौघांत तर नाहीच, एकट्यातही नाही.

मग हसायचं कशावर? वाट्यांवर. आमच्याकडे वाट्या गायब व्हायच्या, लेकाच्या पलंगाखाली वाळलेल्या वरणासकट सापडायच्या. ओरडून घसा बसला. शेवटी फ्रीजवर कागद लावला: ‘हरवल्या आहेत: स्टीलच्या सात वाट्या. आणून देणाऱ्यास शिरा.’ सकाळी सिंकमध्ये सहा वाट्या आणि खाली चिठ्ठी: ‘सातवी ओलीस आहे. आधी शिरा.’ महिन्याभरात त्यानं मला उद्देशून लिहिलेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं! नीट बघ, त्या कागदात त्याला कुठेच टोचलं नव्हतं, आणि उत्तर द्यायला जागा होती. टोमण्यात ती नसते. शिरा मी लगेच केला, हे सांगायला नकोच.

सकाळी उठत नाही म्हणतोस. वयात येताना शरीरात झोपेचं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री तास-दोन तास उशिरा वाढू लागतं. झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. त्यामुळे सातच्या कॉलेजला तो अर्धा झोपेतच जाणार. ‘कुंभकर्ण’ म्हणून काही फरक पडत नाही, मी वर्षभर म्हणून पाहिलंय. रात्री दोघांचेही फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव. दोघांचेही म्हटलंय, साडेबाराला निरोप कोण पाठवतं ते मला ठाऊक आहे.

आणखी एक गंमत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना 2022 साली दिसलं की तेराच्या आसपास मुलांचा मेंदू आईच्या आवाजापेक्षा अनोळखी आवाजांना जास्त दाद देऊ लागतो. ताईला हे सांग, तिला जरा हलकं वाटेल. आणि तू धड आई नाहीस, धड परका नाहीस. मला तर तुझी ही जागा सोन्याची वाटते.

फक्त हसण्यावारी कधी न्यायचं नाही, तेही ऐक. दोन आठवडे झाले तरी जेवण, झोप, मित्र सगळंच सुटलेलं दिसलं, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलला, तर विनोद खुंटीला टांग. जगण्याबद्दल बोलला तर दोन आठवडेही थांबू नकोस. शेजारी बस, सरळ विचार, डॉक्टरांकडे ने. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

शनिवारी दोघंही या. ‘मेंदूची कार्ये लिहा’ या प्रश्नाला ‘परीक्षेच्या दिवशी बंद राहणे’ असं उत्तर कुणी लिहिलं होतं, ते मी त्याला सांगणार आहे. तुझी परवानगी विचारत नाहीये.

तुझ्या
बाई