ॲपवरची शेअर शटल नेहमीच्या बसला पर्याय ठरेल का?

फोनवरून बोलावता येणारी शटल असताना रिकाम्या धावणाऱ्या मोठ्या बस हव्यात कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी दोन वर्षं अशाच एका शटलनं कामावर गेलेय, त्यामुळे सरळच सांगते: विरळ वस्तीत चालेल, रात्री उशिरा तर छानच चालेल, पण गर्दीच्या रस्त्यावर ती बसची जागा घेऊ शकणार नाही. ॲप कितीही चांगलं असलं तरी.

आधी एक घोळ निस्तरू. शटल म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एकीचा मार्ग ठरलेला असतो, फक्त सीट आधी बुक करायची. ती खरं तर बसच, उभं राहावं लागत नाही एवढंच. दुसरीला मार्गच नसतो. कोण कुठून कुठे निघालंय हे बघून सॉफ्टवेअर तो आयत्या वेळी जुळवतं. तुम्ही बहुधा या दुसरीबद्दल विचारताय.

माझी शटल दुसऱ्या प्रकारची. पहिले काही महिने मजा होती. बुक केलं की सहा-सात मिनिटांत गाडी दारात, आत मी आणि आणखी एखादा प्रवासी. मग तिचा बोलबाला झाला. एका संध्याकाळी माझ्या घराचं वळण खिडकीतून दिसलं आणि गाडी सरळ पुढे गेली, कारण कुणीतरी तेवढ्यात बुकिंग केलं होतं. त्याला घेतलं, परतताना आणखी एकीला. पोहोचायची वेळ ॲपवर आधी ६:४०, मग ६:४८, मग ६:५५. चालकाला म्हटलं, इथंच सोडा, चालत जाते. तो म्हणाला, "ॲप इथं थांबा दाखवत नाही, मॅडम."

त्याचा काय दोष! हिशेबच तसा आहे. बसमध्ये विसावा प्रवासी चढतो तेव्हा तो स्वतःच्या पायांनी थांब्यापर्यंत आलेला असतो. बाकीच्या एकोणीस जणांचे चार-दोन सेकंद जातात. शटलमध्ये नवा प्रवासी म्हणजे बहुतेक वेळा नवा वळसा, आणि तो आधी बसलेल्या सगळ्यांच्या माथी. वळसे टाळायला गाड्या वाढवाव्यात तर तितके चालक वाढले, आणि या धंद्यात मोठा खर्च चालकांच्या पगाराचाच. बस भरली की माणशी खर्च झपाट्यानं उतरतो. शटलचा तसा उतरत नाही.

कॅनडातल्या इनिसफिल गावानं २०१७ मध्ये बस सुरू करण्याऐवजी उबरच्या प्रवासाला अनुदान द्यायचं ठरवलं. (उबर म्हणजे शटल नव्हे, पण गणित तेच.) लोकांना ते आवडलं आणि तीच पंचाईत झाली. २०१९ मध्ये भाडं वाढवून माणशी महिन्याला ३० फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली. लोक फार वापरतात म्हणून त्यांना आवरायचं, असली सार्वजनिक वाहतूक!

फिनलंडमधल्या हेलसिंकीची कुत्सुप्लुस ही बोलावू तशी येणारी शटल तर तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनंच चालवली होती. पंधरा मिनीबस होत्या, २०१५ अखेर सेवा बंद झाली. गाड्या कितीतरी पटीनं वाढल्या असत्या तर एकाच दिशेचे प्रवासी जुळवणं सोपं झालं असतं, हे मलाही पटतं. पण तेवढा पैसा ओतायची तिथल्या पालिकांची तयारी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोची चॅरियट ही शटल ठरलेल्या मार्गांवर धावायची. तीही फोर्डनं २०१६ मध्ये विकत घेतली आणि २०१९ मध्ये गुंडाळली.

उलट टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये २०१७ अखेर एकुलता एक बसमार्ग बंद करून ‘वाया’ (Via) नावाच्या कंपनीच्या, ॲपवरून बोलवायच्या व्हॅन आणल्या, त्या पुढे अख्ख्या शहरात पोहोचल्या. तिथं त्या एका मार्गापलीकडे मोडण्याजोगी बससेवाच नव्हती, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

म्हणून, तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर ॲप किती झकास आहे ते बघत बसू नका. एक गाडी तासाला किती प्रवासी नेते ते विचारा. शटल स्टेशनपर्यंत किंवा मोठ्या बसमार्गापर्यंत सोडणार की त्याच रस्त्यावर बसशीच स्पर्धा करणार, तेही विचारा. आणि फोन नसलेल्यानं काय करायचं? एकदा माझ्या फोनची बॅटरी संपली होती. नेहमीची शटल समोरून आली, दोन सीट रिकाम्या दिसत होत्या. हात केला. चालकानं ओळखून मान हलवली, पण थांबला नाही. त्या दिवशी मी बसनं घरी आले.