गाळाला चिकटलेले औषध

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कपाशीच्या शेतातली काळी माती वाहून तापीत जाते. फवारलेली औषधे तिच्याबरोबर जातात, की पाण्यात विरघळून जातात? (एक वाचक, मुक्ताईनगर)

उत्तर : दोन्ही घडते, कोणते औषध कोणत्या वाटेने जाईल हे त्याच्या रेणूच्या स्वभावावर ठरते. डीडीटीसारखी पाण्याशी न जमणारी संयुगे मातीतल्या सेंद्रिय कर्बात, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशात, तेल फडक्यात मुरावे तशी मुरतात. ॲट्राझीन या तणनाशकाची पकड मात्र सैल असल्याने ते निचऱ्याबरोबर खाली झिरपू शकते.

आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमी असतो, म्हणून ही पकड दुबळीच राहील असे वाटेल. पण तिथे माँटमोरिलोनाईट ही चिकणमाती भरपूर असते, तिच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि पॅराक्वॅट या तणनाशकासारखा धनभारित रेणू त्या पापुद्र्यांमध्ये असा अडकतो की साध्या पाण्याने तो सहसा सुटत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाची तऱ्हा निराळी : ते लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साईडांना धरते आणि त्याच जागांसाठी फॉस्फेटशी स्पर्धा करते. (स्फुरदयुक्त खतातही हेच फॉस्फेट असते, म्हणून त्याचा संबंध इथे अनपेक्षितपणे येतो.)

वाहून गेलेले बारीक कण तापीवरच्या हतनूर धरणासारख्या संथ पाण्यात तळाशी बसतात. चिकटलेले औषध नष्ट झालेले नसते. कणांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरल्यावर ते जिवाणूंच्या आवाक्याबाहेर वर्षानुवर्षे राहू शकते आणि गाळ ढवळला गेला, तर हळूहळू पुन्हा पाण्यात उतरते.