आयआरएतल्या शेअरच्या क्लास अ‍ॅक्शन सेटलमेंटचा चेक माझ्या नावाने आलाय. साध्या चेकिंग खात्यात टाकू का? टॅक्स किती लागेल?

टाकू नका. आधी तो चेक बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा. (आयआरए म्हणजे अमेरिकेतलं निवृत्तीसाठीचं खातं; क्लास अ‍ॅक्शन सेटलमेंट म्हणजे अनेक गुंतवणूकदारांनी मिळून केलेल्या दाव्यातली तडजोड.)

2016 च्या मार्चमध्ये मलाही असाच चेक आला होता. 1,138 डॉलर 42 सेंट. कंपनीचं नाव घेत नाही. शेअर आपटला, मी तोट्यात विकून मोकळा झालो आणि ते विसरूनही गेलो होतो. पाकीट इतकं फालतू दिसत होतं की बायकोने ते पिझ्झाच्या कूपनांबरोबर रद्दीत टाकलं होतं. त्या दिवशी आमचे साडू जेवायला होते. साडू म्हणजे न्यू जर्सीच्या एडिसनमधलं चालतंबोलतं आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं. म्हणाले, "अहो, वरकमाई आहे ही! चेकिंगला टाका, पुण्याचं एक तिकीट निघेल."

वरकमाई कसली? नुकसान आयआरएच्या आत झालं, तर भरपाईही आतच जायला हवी. बाहेर ठेवली तर ते आयआरएतून पैसे काढल्यासारखं होतं, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर टॅक्सशिवाय त्या रकमेवर 10 टक्के दंड वेगळा. इथवर माझंच बरोबर होतं.

पुढची माती मीच खाल्ली. फोनवरून चेकचा फोटो काढला आणि आयआरएत भरला. अ‍ॅपच्या यादीत 'रोलओव्हर' (आयआरएचेच पैसे परत आत घालणं) होतं, मी घाईत '2016 कॉन्ट्रिब्युशन'वर (त्या वर्षीचा नवा भरणा) टिचकी मारली. त्या वर्षी नव्या भरण्याची मर्यादा 5,500 डॉलर, आणि ती मी जानेवारीतच संपवली होती. पुढच्या मे महिन्यात फॉर्म 5498, म्हणजे आयआरएत काय भरलं त्याचा हिशेब, आला. पहिल्या चौकोनात 6,638.42, दुसरा म्हणजे रोलओव्हरचा चौकोन कोरा. झाला की जादा भरणा! त्यावर 6 टक्के दंड म्हणजे 68 डॉलर 31 सेंट, तेही निस्तरेपर्यंत दरवर्षी. तीन फोन, एक पत्र, चेकची आणि सेटलमेंटच्या नोटिशीची झेरॉक्स, एवढं केल्यावर ऑगस्टमध्ये दुरुस्त फॉर्म आला. साडू म्हणाले, "अडुसष्ट डॉलरसाठी एवढा खटाटोप?" 2009 मध्ये 401(के), म्हणजे नोकरीतला निवृत्तीचा निधी, मोडून गाडी घेणाऱ्याने हे मला विचारावं!

तर तुम्ही अ‍ॅपच्या नादी लागू नका. चेक मिळाल्यापासून 60 दिवसांच्या आत कस्टोडियनला, म्हणजे आयआरए सांभाळणाऱ्या कंपनीला, टपालाने पाठवा, सोबत पत्रात 'रोलओव्हर, कॉन्ट्रिब्युशन नाही' असं ठळक लिहा. पाकीट जपून ठेवा, तारीख त्यावरच असते. रॉथमधला, म्हणजे टॅक्स भरलेल्या पैशांच्या आयआरएतला, तोटा असेल तर रॉथमध्येच. खरं तर क्लेम फॉर्मवर 'इंडिव्हिज्युअल'ऐवजी 'आयआरए'वर खूण केली असती तर चेक बहुधा कस्टोडियनच्या नावाने आला असता. मी केली नव्हती, तुम्हीही केली नसावी. सेटलमेंटचे पैसे वाटणाऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला चेक परत करून नाव बदलून मागा, कधीकधी देतात.

आणि असली पाकिटं फेकू नका हो. सत्यमचा घोटाळा 7 जानेवारी 2009 ला उघड झाला. न्यूयॉर्कच्या बाजारात एडीएस (भारतीय शेअरचं अमेरिकेतलं रूप) घेतलेल्यांसाठी 2011 मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलरची तडजोड केली, ऑडिटरकडून अडीच कोटींवर आणखी आले. मुंबईत तोच शेअर घेतलेल्या आमच्या काकांना असा दावा करायची सोयच नव्हती. भारतातल्या कंपनी कायद्यातलं असा सामूहिक दावा करू देणारं कलम 245 लागू झालं ते 2016 मध्ये.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मी सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सीए, नाही. आयआरएच्या बाबतीत हा 60 दिवसांचा आधार मुख्यतः आयआरएसच्या खासगी पत्रांमधला आहे, आणि ती पत्रं ज्याने मागितली त्याच्यापुरतीच बंधनकारक असतात. त्यामुळे रक्कम मोठी असेल तर पैसे देऊन सल्ला घ्या. टॅक्स किती, हे तुमच्या ब्रॅकेटवर, म्हणजे उत्पन्नानुसार लागणाऱ्या दरावर. तेही त्या सल्लागारालाच विचारा. आणि चेक चौदा डॉलरचा असेल, तर आमच्या साडूंचं ऐका.